नदीच्या वळणावर दोन देशांची हद्द कशी आखावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण टेक्सासमधील एका सर्वेक्षण कंपनीत काम करता. रिओ ग्रांदे नदीच्या खालच्या खोऱ्यातील एका नागमोडी पट्ट्याचा नकाशा करताना आपण हवाई छायाचित्रावरून दोन्ही काठ आखले आणि त्यांच्या मधोमध अमेरिका व मेक्सिको यांची सीमारेषा काढली. आपल्या सहकाऱ्याने दुसऱ्या वर्षीच्या छायाचित्रावरून हेच काम केले. सरळ भागात दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसतात, पण वळणांवर त्या दहा-बारा मीटरांनी फाकतात. यातली बरोबर कोणती आणि फरक वळणांवरच का पडतो, हे आपल्याला हवे आहे.

दोन्ही रेषा आपापल्या छायाचित्रापुरत्या बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र त्यांपैकी एकीलाही 'आंतरराष्ट्रीय सीमा' असे नाव देता येणार नाही. नदीतली सीमा ही पाण्यावर दिसणारी रेषा नसते. कराराने सांगितलेला नियम एका विशिष्ट तारखेच्या पात्राला लावल्यावर ती मिळते. सरळ पात्रात नियम, तारीख आणि पाण्याची पातळी यांतला घोळ झाकला जातो, कारण तिथे कोणत्याही रीतीने काढलेली मधली रेषा जवळजवळ त्याच जागी येते. वळणावर तो घोळ उघडा पडतो.

म्हणून प्रथम करार वाचावा. रिओ ग्रांदेच्या बाबतीत १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहात सीमा नदीच्या मधून जाईल आणि जिथे एकाहून अधिक प्रवाह असतील तिथे सर्वांत खोल प्रवाहातून जाईल, असे म्हटले होते. १९७० च्या सीमा-करारात यात एक महत्त्वाचा बदल झाला. सर्वसाधारण प्रवाहाने व्यापलेल्या पात्राच्या मध्यातून सीमा जाते हे त्यात कायम राहिले, पण अनेक प्रवाह असतील तर ज्याची सरासरी रुंदी सर्वाधिक तो प्रवाह धरावा, असे ठरले. नकाशाकाराच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे. खोली जाणण्यासाठी होडीतून पाणी मापावे लागते आणि एका पुरानंतर ते माप जुने होते. रुंदी छायाचित्रावरून दिसते आणि दोन्ही देशांचे लोक एकाच टेबलावर बसून ती तपासू शकतात.

सर्व नद्यांना हा नियम लागू नाही. बोट्सवाना आणि नामिबिया यांच्यातील चोबे नदीत कासिकिली-सेदुदू नावाचे एक बेट आहे आणि नदी त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालते. १८९० च्या ब्रिटिश-जर्मन करारात मुख्य प्रवाहाचा मध्य ही सीमा होती, परंतु मुख्य प्रवाह कोणता यावर वाद झाला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९९ मध्ये खोली, रुंदी आणि वाहणारे पाणी अशा अनेक कसोट्या लावून उत्तरेकडील प्रवाह मुख्य ठरवला आणि त्यातील सर्वाधिक खोलीच्या बिंदूंना जोडणारी रेषा ही सीमा मानली. खोल धारेची ही रेषा, जिला थालवेग म्हणतात, वळणावर बाहेरच्या काठाला चिकटून वाहते आणि पुढच्या उलट्या वळणाआधी पात्र ओलांडून दुसऱ्या काठाला जाते. मधली रेषा आणि थालवेग यांत सर्वाधिक अंतर पडते ते त्यामुळे वळणाच्या माथ्यावर. करारात मध्य असताना एखाद्याने सवयीने थालवेग आखला, तर बाहेरच्या काठावरील देशाच्या वाट्याला पात्राची निव्वळ एक पट्टी उरते.

आता आपल्या दहा-बारा मीटरांकडे येतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला नदी सतत खात असते, म्हणून तिथे उभी दरड असते. आतल्या बाजूला वाळू आणि गाळ साठत जाऊन मंद उताराची पट्टी तयार होते. पाणी एक मीटरने चढले तर उभ्या दरडीवर पाण्याची कड जिथल्या तिथेच राहते. आतल्या पट्टीचा उतार २५ ला १ असेल, तर तिथली कड २५ मीटर आत सरकते आणि मधली रेषा त्याच्या निम्मी, म्हणजे साडेबारा मीटर, आतल्या काठाकडे ढळते. आपल्या दोन छायाचित्रांच्या दिवशी नदीची पातळी एक मीटरच्या आसपास वेगळी असली, तर आपण सांगितलेला फरक एवढ्यानेच पुरा होतो. सरळ भागात दोन्ही काठ साधारण सारख्या उताराचे असल्याने पाणी दोन्हीकडे सारखेच पसरते आणि मध्य हलत नाही.

यातून निघणारी गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. जास्त पाण्याच्या दिवसाचे छायाचित्र वापरले की प्रत्येक वळणावर आतल्या काठावरील देशाची जमीन घटते. पुढच्या वळणावर आतला काठ दुसऱ्या देशाचा असल्याने एकूण बेरजेत हिशेब जवळपास जुळून येतो आणि त्यामुळे काम ठीक झाले असा समज होतो. पण प्रत्येक वळणावरील शेत वेगळ्या माणसाचे असते. दहा किलोमीटरच्या पट्ट्याचे क्षेत्रफळ जुळले, यावरून एकाही वळणावरची रेषा बरोबर ठरत नाही.

'सर्वसाधारण प्रवाह' म्हणजे छायाचित्राच्या दिवशी जे होते ते पाणी नव्हे. पूर नसताना नदी ज्या पात्रात वाहते त्याच्या खुणा जमिनीवर असतात: बाहेरच्या बाजूला दरडीचा पायथा, आतल्या बाजूला उघडी वाळू संपून कायमची झुडपे सुरू होतात ती कड, उतारातला बदल, गाळाच्या कणांचा बदल. काठ आखताना पाण्याची कड न घेता या खुणा घ्याव्यात आणि त्या जागेवर जाऊन पाहाव्यात. रिओ ग्रांदेवर एक आणखी अडचण आहे. कारिसो नावाच्या परदेशी बोरूच्या उंच, दाट जाळ्या तिथे पाण्याच्या अगदी कडेपर्यंत वाढतात आणि छायाचित्रात त्यांचे शेंडे पाण्यावर झुकलेले दिसतात. शेंड्यांची कड हाच काठ समजून रेषा ओढली, तर नदी अरुंद होते आणि तीही बहुधा एकाच बाजूने. लायडारचे, म्हणजे विमानातून लेसर किरणांनी घेतलेले जमिनीच्या उंचीचे, माप मिळत असेल तर अशा ठिकाणी ते वापरावे, नाहीतर बोरूच्या मागे जाऊन काठावरचे बिंदू मोजण्यास पर्याय नाही.

काठ ठरल्यावर मधली रेषा कशी काढावी, याबाबतही वळणे फसवतात. एका काठाला काटकोनात रेघा टाकून त्या दुसऱ्या काठाला मिळतील तिथपर्यंतचे मध्यबिंदू जोडायचे, ही रीत सरळ कालव्यासाठी पुरेशी आहे. वळणावर बाहेरच्या काठावरून टाकलेल्या रेघा आत एकमेकींकडे दाटत जातात आणि आतल्या काठावरून टाकलेल्या पांगतात. कोणत्या काठावरून सुरुवात केली त्यावर उत्तर बदलते, म्हणजे दोन देशांच्या दोन मोजणीदारांना दोन उत्तरे मिळतात. त्याऐवजी दोन्ही काठांच्या निकटतम बिंदूंपासून समान अंतरावर असलेल्या बिंदूंची रेषा घ्यावी. जीआयएस, म्हणजे संगणकावरील नकाशा-प्रणालीत, हे व्होरोनॉय आकृतीने करता येते. ही आकृती दिलेल्या प्रत्येक बिंदूभोवती त्याला सर्वांत जवळचे क्षेत्र आखून देते. पात्र ६० मीटर रुंद असेल, तर काठांवर दर दोन-तीन मीटरांनी बिंदू घ्यावेत, आकृती तयार करावी आणि मुख्य कण्याला फुटलेले फाटे छाटून टाकावेत. त्यापूर्वी ओढ्यांची मुखे आणि छोट्या खाचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेने बंद कराव्यात. ते राहून गेले, तर मधली रेषा ओढ्याच्या तोंडाशी आत ओढली जाते आणि सीमेला एक कुबड येते.

बेट असेल तर हे सर्व करण्याआधी सीमेचा प्रवाह निवडावा लागतो. ती निवड संगणकाने करण्याची नाही.

आता रेषा साठवण्याविषयी. वक्र रेषा शेवटी बिंदूंच्या यादीनेच साठवली जाते आणि दोन बिंदूंमध्ये सरळ तुकडा येतो. २०० मीटर त्रिज्येच्या वळणावर १०० मीटर अंतराने बिंदू घेतले, तर सरळ तुकडा खऱ्या चापापासून मध्यभागी सव्वासहा मीटर दूर राहतो. ५० मीटर अंतराने घेतले तर दीड मीटरहून किंचित जास्त आणि २० मीटर अंतराने घेतले तर पाव मीटर. हिशेब सोपा आहे: तुकड्याच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. म्हणून बिंदूंमधील अंतर संपूर्ण नदीसाठी एकच ठेवण्याचे कारण नाही. सरळ भागात ते मोठे चालते, तीव्र वळणावर ते कमी करावे, आणि किती चूक चालेल हे आधी ठरवून त्यावरून अंतर काढावे.

बिंदू कमी करण्यासाठी 'सिम्प्लिफाय'ची आज्ञा वापरण्याची सवय मी अनेक कार्यालयांत पाहिली आहे आणि सीमारेषेच्या बाबतीत तिला माझा ठाम विरोध आहे. पाच मीटरपर्यंतच्या चुकीची सूट देऊन ती २०० मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार वळणावर चालवली, तर सुमारे ६३० मीटरचे वळण आठ सरळ तुकड्यांत मोडते आणि चाप व तुकडे यांच्यामध्ये एकूण सुमारे १,६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास सोळा गुंठे क्षेत्र अडकते. तुकडे नेहमी चापाच्या आतल्या अंगाला पडतात, त्यामुळे हे सगळे क्षेत्र आतल्या काठावरील देशाचे जाते. जास्त पाण्याच्या छायाचित्राचा दोषही त्याच दिशेने काम करतो, हे वर आलेच आहे. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर त्या एकमेकींना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. छोट्या प्रमाणाच्या नकाशासाठी रेषा सोपी करायची असेल तर तिची वेगळी प्रत काढावी आणि मूळ रेषेला हात लावू नये. वळण डोळ्यांना सुबक दिसावे म्हणून स्प्लाइनने, म्हणजे संगणकाने बिंदूंमधून ओढलेल्या गुळगुळीत वक्राने, गोलाई आणणे तर मुळीच नको. ती रेषा मोजलेल्या बिंदूंच्या पलीकडे झुकते आणि तिथे ती का गेली याचे उत्तर कोणाकडेच नसते.

डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारचौकटीवरून मोजतात तिची, गोष्ट चटकन सांगतो. रिओ ग्रांदेचे अनेक जुने नकाशे १९२७ च्या उत्तर अमेरिकन डेटमवर आहेत. त्यांतले अक्षांश-रेखांश रूपांतर न करता १९८३ च्या डेटमवर टाकले, तर रेषा एवढी सरकते की तिच्यापुढे वळणांची चर्चाच निरर्थक होते. सरळ भागात आपल्या रेषा जुळत आहेत, तेव्हा हा दोष आपल्या कामात नाही.

यापुढचा भाग रिओ ग्रांदेच्या इतिहासाचा आहे, पण तो वगळून आपले काम पुरे होणार नाही, कारण आपल्या पट्ट्यात तुटलेली वळणे नक्की असतील. नदी वळण वाढवत नेते, वळणाची मान बारीक होत जाते आणि एखाद्या पुरात ती मान फोडून नदी सरळ वाहू लागते. मागे घोड्याच्या नालेच्या आकाराचे कोरडे पात्र आणि त्याने वेढलेला जमिनीचा तुकडा उरतो. १८८४ च्या करारात याविषयी नियम झाला: काठ हळूहळू झिजून आणि समोर गाळ साठून नदी सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकेल, नदीने एकाएकी पात्र सोडले तर सीमा जुन्या पात्रातच राहील. नियम न्याय्य होता, तरी खालच्या खोऱ्यात त्याचा परिणाम विचित्र झाला. नदीच्या उत्तरेला मेक्सिकोचे आणि दक्षिणेला अमेरिकेचे असे तुकडे विखुरले. त्यांना बांको म्हणतात. १८८९ च्या कराराने नेमलेल्या संयुक्त सीमा आयोगाने ते एकेक करून मोजले आणि १९०५ च्या करारात तोडगा निघाला: २५० हेक्टरांपर्यंतचा आणि २०० माणसांपर्यंत वस्तीचा बांको नदीच्या ज्या बाजूला आला असेल त्या देशाचा. लोकांची खाजगी मालकी मात्र अबाधित राहिली.

आपल्या नकाशावर याचा थेट परिणाम होतो. देशाची हद्द नव्या पात्रात आली, तरी जमिनीच्या खरेदीखतातील हद्द जुन्या पात्राशी राहिलेली असू शकते. काउंटीच्या मालमत्ता-नकाशातील शेताची कड आणि सीमारेषा जुळत नाही म्हणून दोन्हींपैकी एक ओढूनताणून दुसरीवर बसवणे चूक आहे. त्या दोन वेगळ्या हद्दी आहेत आणि त्या वेगळ्या थरांतच असाव्यात.

वळण तुटण्याला माणूस कारणीभूत असला तर काय होते, हे रिओ ग्रांदेकाठच्या ओर्कोन नावाच्या तुकड्यावरून कळते. एका सिंचन कंपनीने १९०६ साली परवानगी नसताना चर खणून तिथले वळण तोडले. सुमारे चारशे एकरांचा अमेरिकेचा तुकडा नदीच्या दक्षिणेला गेला, पण सीमा कायद्याने जुन्या पात्रातच राहिली. त्या भागात रिओ रिको हे गाव वाढले आणि सर्व व्यवहार मेक्सिकोचे गाव म्हणून चालले. अखेर १९७० च्या कराराने तो भाग मेक्सिकोला देण्याचे ठरले आणि १९७७ मध्ये हस्तांतर झाले. एवढी दशके छायाचित्रावर नदी पाहून सीमा आखणाऱ्या प्रत्येकाने तिथे चुकीची रेषा आखली असती.

टेक्सासमधील एल पासो आणि समोरचे मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस या शहरांमधल्या चामिसाल नावाच्या जमिनीचा वाद तर मोजणीअभावी लांबला असे म्हणता येईल. १८५२ साली दोन्ही देशांच्या मोजणीदारांनी, एमरी आणि सालाझार यांनी, तिथली नदी नकाशावर नोंदवली होती. त्यानंतर नदी दक्षिणेकडे सरकत गेली आणि १८६४ च्या पुरात तिने मोठी उडी घेतली. १९११ च्या लवादाने १८६४ पूर्वी हळूहळू साठलेली जमीन अमेरिकेची आणि त्यानंतरची मेक्सिकोची, असा निवाडा दिला. पण १८६४ चे पात्र कोणी मोजलेच नव्हते. निवाडा नाकारताना अमेरिकेने दिलेल्या कारणांत ते पात्र जमिनीवर पुन्हा शोधणे अशक्य आहे, हे एक होते. तोडगा निघायला १९६३ उजाडले आणि नदीला काँक्रीटच्या पात्रात बांधावे लागले. तारीख घातलेल्या नकाशाची किंमत याहून स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

१९७० चा करार या अनुभवांवर उभा आहे. हळूहळू सरकणाऱ्या नदीबरोबर सीमा सरकते हे त्यात कायम आहे. एकाएकी तुटलेला तुकडा २५० हेक्टरांहून मोठा नसेल आणि त्यावर १०० हून अधिक वस्ती नसेल, तर ज्या देशाचा तो तुकडा गेला त्याला तीन वर्षांत नदी पूर्ववत करण्याचा हक्क मिळतो. तसे न केल्यास सीमा नव्या पात्रात येते आणि क्षेत्राचा हिशेब ठेवला जातो. आयोगाने वेळोवेळी हवाई छायाचित्रांच्या जोडनकाशावर सीमा आखून घ्यावी, अशीही तरतूद आहे. २००८ च्या छायाचित्रांवरील आखणी दोन्ही देशांनी २००९ मध्ये आयोगाच्या ३१५ क्रमांकाच्या ठरावाने स्वीकारली.

नदीने नेले तिकडे जाणे हाच एक मार्ग आहे असे नाही. भारत-बांगलादेश यांच्या १९७४ च्या करारात त्रिपुराजवळ बेलोनिया भागात मुहुरी नदीची सीमा आखणीच्या वेळच्या मध्यप्रवाहावर घ्यावी, ती स्थिर राहील आणि नदी त्याच पात्रात राहावी म्हणून दोन्ही देशांनी आपापल्या बाजूला बांध घालावेत, असे म्हटले आहे. अशा ठिकाणी आजचे पात्र मोजून सीमा काढणे चूकच ठरेल. तिथे खांब आणि आखणीच्या वेळचे पट्टीनकाशे हाच आधार असतो. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी मास नदीची वळणे विसाव्या शतकात सरळ केली आणि सीमा मात्र जुन्या वळणांवरच राहिली. ती नव्या पात्रावर आणणारा करार २०१८ च्या आरंभी अमलात आला.

आपल्या कामासाठी म्हणूनच माझा सल्ला असा आहे. 'आंतरराष्ट्रीय सीमा' या नावाने आयोगाने स्वीकारलेलीच रेषा घ्यावी, तिच्यात आपल्या छायाचित्रावरून दुरुस्ती करू नये आणि तिची तारीख नकाशावर लिहावी. आपण काढलेली मधली रेषा टाकून देऊ नका. ती वेगळ्या रंगात 'अमुक तारखेच्या पात्राचा मध्य' म्हणून दाखवा, काठाची व्याख्या, त्या दिवशीची नदीची पातळी, डेटम आणि बिंदूंमधील अंतर टिपेत द्या. पूररेषा, बांध, पंपघर अशा कामांना तीच उपयोगी पडेल.

सहकाऱ्याच्या रेषेशी पडणाऱ्या फरकाचा उलगडाही आपण स्वतः करू शकता. नदीवर आयोगाची पातळी व प्रवाह मोजणारी केंद्रे आहेत. जवळच्या केंद्रावरून दोन्ही छायाचित्रांच्या दिवसांच्या नोंदी काढा, आतल्या पट्टीचा उतार दोन-तीन वळणांवर प्रत्यक्ष मोजा आणि वर दिल्याप्रमाणे मधली रेषा किती ढळायला हवी ते काढा. ते अंतर आपल्या दहा-बारा मीटरांशी जुळले, तर फरक पाण्याच्या पातळीचा आहे. ते जुळले नाही, तर दोन्ही छायाचित्रांतील बाहेरच्या काठाच्या दरडी एकमेकींवर ठेवून पाहा. दरडच मागे हटलेली असेल, तर त्या दोन वर्षांच्या मध्ये नदी खरोखर सरकली आहे आणि त्या वळणाची नोंद आयोगाकडे पाठवायला हवी.